आकडा कुणाचा, कधीचा?

रक्ततपासणीचा रिपोर्ट पूर्वी डॉक्टरांच्या टेबलावर उघडला जायचा. आता तो सॅम्पल दिल्याच्याच संध्याकाळी पीडीएफ होऊन मोबाइलवर येतो, आणि डॉक्टरांची वेळ मिळते दुसऱ्या दिवशीची, कधी पुढच्या आठवड्याची. मधल्या वेळात घरातलं कुणीतरी तो बोटांनी मोठा करून वाचत बसतं. दहा-बारा पानं, साठ-सत्तर आकडे, त्यांतले चार-सहा ठळक छापलेले आणि शेजारी 'हाय' नाहीतर 'लो'. ज्या घरात चार ठळक आकडे आले तिथे रात्रभर कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. ज्या घरात एकही आला नाही तिथे 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. दोन्ही घरांची फसगत होऊ शकते. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रिपोर्टखाली सही करणं हे माझं रोजचं काम. या पुस्तकाच्या आधारे कुणी स्वतःचं निदान करावं, औषधं सुरू किंवा बंद करावीत, अशी माझी अजिबात इच्छा नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते वाचकाला कळावं, एवढीच आहे. त्यासाठी पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले आहेत: हा आकडा कुणाचा आहे, आणि याच माणसाचा याआधीचा आकडा किती होता? शेजारी छापलेल्या मर्यादेकडे त्यानंतर पाहायचं.

ती मर्यादा येते कुठून, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. ठणठणीत माणसांचा एक गट घेतात, निदान १२० जणांचा. सगळ्यांची तीच तपासणी करतात, आकडे चढत्या क्रमाने लावतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून देतात. मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे म्हणजे छापील मर्यादा. म्हणजे ज्यांच्यावरून ती ठरली त्या धडधाकट माणसांपैकीच दर वीस जणांतला एक तिच्या बाहेर असतो, आणि त्याला काहीही झालेलं नसतं. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज केल्यावर एखादा आकडा ठळक छापून आला, तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगं काही नाही. एकही आला नसता तरच वाटलं असतं.

उलट बाजू मला अधिक गंभीर वाटते. पंचावन्न वर्षांच्या एका गृहस्थांचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं १६ च्या आसपास आहे. यंदा ते १३.४ आलं. पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ १३ वर आहे, त्यामुळे रिपोर्टमध्ये काहीही ठळक नाही. पण या माणसाने अडीच ग्रॅम हिमोग्लोबिन गमावलं आहे. त्याच पानावर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ९० वरून ८१ वर उतरलेलं दिसतं, तेही मर्यादेतच. या वयाच्या पुरुषाचं रक्त आणि पेशींचा आकार एकत्र उतरत असतील तर पोटात किंवा आतड्यात कुठे थोडं थोडं रक्त झिरपत तर नाही ना, मूळव्याध आहे का, की आतड्यात गाठ आहे, हे पाहावंच लागतं. जुना रिपोर्ट शेजारी नसेल तर हे कुणाच्याही लक्षात येणार नाही. मशीनच्या नाही, माझ्याही नाही.

आता 'आकडा कुणाचा' याबद्दल. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची नेहमीची तपासणी. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत आणि बाहेर टाकतात मूत्रपिंडं. म्हणून ज्याचे स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन मुळातच थोडं जास्त असतं. पंचवीस वर्षांच्या तालमीत जाणाऱ्या मुलाचं क्रिएटिनिन १.२ आहे आणि सत्तरीच्या बारीक चणीच्या आजींचंही १.२ आहे. कागदावर दोघं सारखी. पण वय आणि लिंग धरून गाळणक्षमता काढण्याचं जे सूत्र २०२१ पासून वापरात आहे, त्यात घातल्यावर मुलाची क्षमता येते साधारण ८६ आणि आजींची ४९. तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. आजींना गुडघेदुखीसाठी कुणी सर्रास वेदनाशामक गोळ्या लिहून देत असेल, तर हे ४९ त्याच्या डोळ्यांसमोर असायलाच हवं. रिपोर्टमध्ये ही गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, छापलेली नसेल तर ती मागून घ्या. वेगळं रक्त लागत नाही, फक्त हिशेब लागतो.

आकडा मशीनमधून बाहेर पडण्याआधी रक्ताचा बराच प्रवास झालेला असतो, आणि या प्रवासाबद्दल मी पुस्तकात एक आख्खं प्रकरण दिलं आहे, कारण लॅबमधल्या चुकांचा मोठा वाटा मशीनच्या आधीच घडतो. नळ्यांच्या झाकणांचे रंग शोभेचे नसतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, ती सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ती साखरेसाठी. पेशी नळीतसुद्धा जिवंत असतात आणि साखर खात राहतात. फ्लोराइड नसेल आणि रक्त तसंच पडून राहिलं तर तासाला पाच-सात टक्के साखर कमी होते. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात घरोघरी फिरून गोळा केलेलं सॅम्पल दुपारी लॅबमध्ये पोचलं, तर मधुमेही माणसाची साखर खोटीच आटोक्यात दिसू शकते. रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ सारखी उघडझाप करायला लावली, बारीक सुईतून जोराने ओढलं, की तांबड्या पेशी फुटतात किंवा स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये ते वाढलेलं दिसतं. घरी सॅम्पल घ्यायला माणूस आला तर नळ्यांवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहायला सांगा, आणि पुढे किती ठिकाणी जाऊन तो लॅबला पोचणार आहे हेही विचारा. त्याला राग येण्याचं कारण नाही.

उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास काही न खाता. पाणी चालतं, प्यावंच. चहा मात्र चालत नाही, बिनसाखरेचासुद्धा. सोळा-सतरा तास कडकडीत उपास करून येणारेही असतात. त्यातून काही चांगलं निघत नाही. काही जणांत नुसत्या उपासाने बिलिरुबिन वाढतं आणि कावीळ झाली की काय अशी धास्ती बसते.

सीबीसीला या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत. कारण साधं आहे: ती स्वस्त आहे, सगळीकडे होते, आणि इतकी माहिती दुसरी कुठलीही तपासणी एवढ्या पैशांत देत नाही. आपल्याकडे मात्र तिच्यातला एकच आकडा पाहिला जातो. 'अंगात रक्त किती?' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हिमोग्लोबिन, आणि ते कमी असलं की लोहाच्या गोळ्या. हे नेहमीच चुकीचं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, देशभरात ५७ टक्क्यांना; आणि त्यातल्या बऱ्याच जणींना लोहाचीच कमतरता असते. पण सगळ्याजणींना नाही.

उल्हासनगरकडची एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती. लग्नाला वर्ष झालेलं. सासूबाई काळजीने म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर, गूळ-शेंगदाणे सगळं झालं, हिचं रक्त काही वाढत नाही." हिमोग्लोबिन १०.८. त्याच कागदावर खाली एमसीव्ही ६४, म्हणजे पेशी फारच लहान. आणि तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख, म्हणजे चांगली भरपूर. लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही सहसा कमीच असते. लहान पण भरपूर, असं चित्र दिसलं की थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाची शंका घ्यायची. ६४ ला ५.६ ने भागलं की जवळजवळ साडेअकरा येतात. भागाकार १३ च्या खाली गेला की ती शंका बळावते. हा भागाकार कुणालाही करता येतो, पण त्यावर निदान होत नाही. ते होतं हिमोग्लोबिन ए२ च्या तपासणीवर. वाहकांत ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असतं. तिचं तसंच आलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पुरेसा होता. गोळ्यांची गरजच नव्हती. गरज होती ती नवऱ्याचं रक्त तपासण्याची, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. नवरा वाहक निघाला नाही आणि विषय तिथेच मिटला. मला वाटत राहतं ते हे, की एमसीव्हीचा तो ६४ आधीच्या प्रत्येक रिपोर्टवर छापलेला असणार. साध्या सीबीसीत ही सूचना मिळत असताना लग्नाआधी किंवा निदान पहिल्या गरोदरपणाआधी ती कुणी वाचू नये, हे मला मान्य नाही. सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत थॅलेसेमियाचं प्रमाण अधिक आहे म्हणून तिथे जागृती होते आहे. पण वाहक इतर समाजांतही आहेत.

मशीन पेशी मोजतं, त्यांच्याकडे पाहत नाही. वॉलेस कूल्टर या अमेरिकन संशोधकाला १९५३ साली ज्या तत्त्वाचं पेटंट मिळालं, त्यावर आजही बरीच यंत्रं चालतात: बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जातात आणि प्रत्येकीबरोबर विजेच्या प्रवाहात अडथळा येतो, अडथळ्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या, अडथळ्याचा मोठेपणा म्हणजे पेशीचा आकार. त्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेल्या काचेवर पेशी हाताने मोजत. यंत्राने वेग आणि अचूकपणा दोन्ही आणले. पण काही माणसांच्या प्लेटलेट्स ईडीटीएच्या नळीत एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. यंत्र त्या गुठळ्या प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही आणि दोन लाखांच्या जागी चाळीस हजार छापतं. काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, पसरून रंग देऊन पाहिला की गुठळ्या सरळ दिसतात. म्हणून प्लेटलेट्स अचानक फार कमी आल्या, अंगावर लाल चट्टे नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, माणूस ठीक आहे, तर पहिला प्रश्न विचारायचा: 'स्मिअर पाहिली का?'

पावसाळ्यात हाच आकडा घराघरांत रडू आणतो. डेंगीत प्लेटलेट्स उतरतात, आणि ताप उतरायला लागतो त्या सुमारास सर्वांत खाली जातात. नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात उभे राहतात. पण रक्तस्राव होत नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट्स चढवण्याचा सहसा फायदा नसतो. खरा धोका असतो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होण्याचा. तो कळतो हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्यावरून, जो त्याच सीबीसीत प्लेटलेट्सच्या वरच्या ओळीत कुठेतरी बसलेला असतो आणि कुणी त्याचं नावही काढत नाही. प्लेटलेट्स घसरताहेत आणि हिमॅटोक्रिट चढतोय, पोटात जोराचं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, गुंगी आहे: असं असेल तर ताप नसला तरी दवाखाना गाठायचा, लगेच.

तापाचंच आणखी एक. 'विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड निघाला' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात ऐकू येतं. फर्नांद विडाल यांनी ही तपासणी १८९६ साली पॅरिसमध्ये मांडली. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्यं शोधते. आणि ती आधी होऊन गेलेल्या टायफॉइडची, लशीची, कधी दुसऱ्याच जंतूंची असू शकतात. जिथे टायफॉइड वर्षभर असतो तिथे एकट्या विडालवर निदान करणं मला अयोग्य वाटतं. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, ब्लड कल्चर करावं. त्याला दिवस लागतात आणि पैसे जास्त पडतात, पण कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालेल हे तेच सांगतं.

साखरेचं प्रकरण वाचकांना सर्वांत आधी उघडावंसं वाटेल. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी ६.५ किंवा अधिक, म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची. इथेही आकडा कुणाचा हे विचारावंच लागतं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनवर तिच्या आयुष्यभरात चढलेली साखर. पेशी १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेलं आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ती जेमतेम दोन-तीन आठवडे जगते. तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट, तो थोडा जास्त येऊ शकतो. गडचिरोली, नंदुरबार, विदर्भाच्या बऱ्याच भागांत सिकलसेल घराघरांत आहे. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू झालं. या भागातल्या मधुमेहींचा एचबीए१सी आणि बोटाच्या टोकावर रोज मोजलेली साखर जुळत नसेल, तर रोजच्या साखरेवर विश्वास ठेवावा आणि डॉक्टरांना सिकलसेलची तपासणी करायला सांगावं.

बाकीच्यांबद्दल इथे थोडक्यात. एसजीपीटी-एसजीओटी थोडे वाढलेले दिसले की कावीळ समजू नका. आज त्यामागे बहुधा चरबी साठलेलं यकृत असतं, आणि आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला असेल तरी ते वाढतात. एलडीएल बऱ्याच लॅबमध्ये थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून वजाबाकी करून काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर ती वजाबाकी ग्राह्य नसते. थायरॉइडसाठी करतात ते टीएसएच दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतं आणि केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही लॅबमध्ये साफ चुकीचं येतं. त्या गोळ्या निदान दोन दिवस आधी थांबवाव्यात. एकाच टीएसएचवर जन्मभराची गोळी सुरू होणं टाळावं.

पॅकेजेसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शंभर तपासण्या स्वस्तात मिळतात म्हणून करू नयेत. प्रश्न नसताना केलेली तपासणी उत्तर देत नाही, नवा प्रश्न उभा करते. मग आणखी तपासण्या, सोनोग्राफी, महिनाभराची धाकधूक. कॅन्सर मार्कर म्हणून ज्या तपासण्या पॅकेजमध्ये घातल्या जातात, त्यांतल्या बहुतेक निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नाहीतच. चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांना सीबीसी, उपाशी साखर किंवा एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिपिड, लघवीची तपासणी आणि रक्तदाब एवढं पुरतं. सरकारी आरोग्य केंद्रांत महालॅब या योजनेमार्फत यांतल्या बऱ्याच तपासण्या मोफत होतात. त्यांचा लाभ घ्यायला कमीपणा मानू नये.

रिपोर्टखालची सही पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक नसलेला कागद स्वीकारू नका. आणि सही आहे तर त्या डॉक्टरांना फोन करण्याचा तुम्हाला हक्क आहे. 'हा आकडा पेशंटशी जुळत नाही, पुन्हा पाहाल का?' असा फोन आला की चांगला पॅथॉलॉजिस्ट सॅम्पल शोधायला उठतो.

काही आकडे मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहणारे नसतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट्स वीस हजारांच्या खाली, पोटॅशियम ६ च्या वर, सोडियम १२० च्या खाली, साखर ५० च्या आसपास किंवा ४०० च्या पुढे, पांढऱ्या पेशी पन्नास हजारांवर किंवा स्मिअरमध्ये 'ब्लास्ट' असा शेरा: यांतलं काहीही दिसलं तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा, ते भेटत नसतील तर जवळच्या रुग्णालयात जा. ही यादी पुस्तकाच्या मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मुद्दाम मोठ्या अक्षरात छापली आहे.

पुढचं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. घरातले सगळे जुने रिपोर्ट शोधून काढा, कपाटातले, फाइलमधले, मोबाइलमधले. प्रत्येकाचे वेगळे करा, तारखेप्रमाणे लावा, आणि हे पुस्तक ते शेजारी ठेवून वाचा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नवा रिपोर्ट एकटा नेऊ नका.